संडास भरल्यावर काय?

आपल्या भागातल्या कोणत्याही खेड्यात आज गेलात, तर घरामागे किंवा अंगणाच्या कडेला संडासाची खोली दिसतेच. सव्वीस-सत्तावीस वर्षांपूर्वी मी इथे दवाखाना टाकला तेव्हा अशी स्थिती नव्हती. गावात शिरताना नाकाला रुमाल लावावा लागे, आणि वाट सांगणारा माणूसही ‘गोदरी ओलांडली की गाव लागतं’ अशीच खूण सांगे. त्यानंतर २०००-०१ साली आपल्या राज्यात संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू झाले. २०१४ साली देशभर स्वच्छ भारत अभियान आले, पात्र कुटुंबांना संडासासाठी बारा हजार रुपयांचे प्रोत्साहन मिळू लागले, आणि २ ऑक्टोबर २०१९ रोजी ग्रामीण भारत हागणदारीमुक्त झाल्याचे जाहीर झाले.

मग वाचक विचारतील, ‘डॉक्टर, आता जुलाब, कावीळ, टायफॉइड आणि जंत तुमच्या दवाखान्यातून गेले असतील?’ कमी झाले, हे खरे. पण गेले नाहीत. पहिला पाऊस होऊन आठ-पंधरा दिवस झाले की अजूनही माझ्या बाकावर तेच रोगी येऊन बसतात. रोग्याला मी विचारतो, ‘घरी संडास आहे का?’ उत्तर येते, ‘आहे की!’ पुढचा प्रश्न विचारतो, ‘वापरता का? आणि त्याचा खड्डा कसा आहे?’ इथे बहुतेक जण गप्प होतात.

आजचा लेख या खड्ड्याविषयी आहे. विषय थोडा घाणेरडा वाटेल. पण ज्या घाणीने माणूस मरतो, तिच्याविषयी बोलायला लाजून कसे चालेल? संडासाची खोली बांधली म्हणजे अर्धे काम झाले. उरलेले अर्धे काम जमिनीखाली असते, आणि संडास पाच वर्षे चालणार की पन्नास वर्षे, हे तिथेच ठरते.

घाण तोंडापर्यंत कशी पोचते?

पटकी, टायफॉइड, हगवण, कावीळ (अ आणि इ प्रकारची), पोलिओ, जंत या साऱ्या रोगांचे जंतू किंवा अंडी एका माणसाच्या विष्ठेतून बाहेर पडतात आणि दुसऱ्याच्या तोंडात जातात. कोणी जाणूनबुजून असे करत नाही. पण वाटा पाच आहेत : पाणी, हाताची बोटे, माश्या, शेताची माती आणि अन्न. उघड्यावरच्या विष्ठेवर बसलेली माशी दोन मिनिटांत आपल्या भाकरीवर येते. पावसाचे पाणी उतारावरची घाण आडात नेते. मूल मातीत खेळते आणि तेच बोट तोंडात घालते.

जंतांचेच उदाहरण घ्या. गांडुळासारखा दिसणारा जो मोठा जंत मुलांच्या पोटातून पडतो, त्याची एक मादी दिवसाला सुमारे दोन लाख अंडी घालते. ही अंडी ओलसर मातीत महिनोन् महिने, कधी कधी वर्षांनुवर्षे जिवंत राहतात. दुसरा अंकुशकृमी. याची अळी तर तोंडाचीही वाट पाहत नाही. अनवाणी पायाच्या कातडीतून ती शरीरात शिरते, आतड्याला चिकटते आणि रक्त पिते. शेतात राबणारी बाई ‘अंगात त्राण नाही, दम लागतो’ म्हणून येते, तिची पापणी ओढून पाहिली तर पांढरीफटक. लोहाच्या गोळ्या मी देतोच. पण पायाखालची माती तीच राहिली तर त्या गोळ्या किती दिवस पुरणार?

या पाचही वाटा एकाच ठिकाणी अडवता येतात. विष्ठा जमिनीच्या पोटात, माशीला न दिसेल आणि पाण्याला न लागेल अशी बंद करायची. संडासाचे काम एवढेच. ज्या संडासाने हे होत नाही, तो संडास नव्हे, आडोसा आहे.

भरण्याची भीती

एक अनुभव मला वारंवार येतो. घरात संडास आहे, पण तो वापरतात फक्त सुना, आजारी माणसे आणि रात्री-अपरात्री म्हातारी. पुरुष मंडळी टमरेल घेऊन शेताकडेच जातात. एका आजोबांना मी विचारले, ‘घरात सोय असून लांब का जाता?’ ते म्हणाले, ‘डॉक्टरसाहेब, आम्ही सगळेच बसायला लागलो तर वर्षभरात भरंल तो. मग उपसायचा कोणी?’

आजोबांचा प्रश्न अगदी बरोबर होता. सारी मेख या शेवटच्या वाक्यात आहे. मैला उपसणे हे काम आपल्या समाजाने पिढ्यान् पिढ्या काही जातींच्या माणसांच्या माथी मारले. आता ती माणसे ते काम करायला तयार नाहीत, आणि त्यांनी ते का करावे? बाकीच्यांना आपल्याच घराच्या खड्ड्याला हात लावण्याची कल्पना सहन होत नाही. मग दोन गोष्टी घडतात. एक तर संडास ‘जपून’ वापरला जातो, म्हणजे वापरलाच जात नाही. नाहीतर कधीच भरू नये म्हणून खड्डा इतका मोठा आणि खोल खणतात की त्यात बैल मावेल.

हा दुसरा प्रकार फार धोक्याचा आहे. काही वर्षांपूर्वी आमच्या भागातल्या एका वाडीवरून पंधरा दिवसांत कावीळीचे सात रोगी माझ्याकडे आले. सातही जण एकाच आडाचे पाणी पिणारे. मी जाऊन पाहिले. आडाच्या वरच्या अंगाला, बारा-पंधरा पावलांवर, एका घराने संडासाचा नवा खड्डा घेतला होता. घरमालक कौतुकाने सांगू लागले, ‘सोळा फूट खणला डॉक्टर! खाली पाणीच लागलं. आता जन्मात भरायचा नाही.’ खड्डा भरणार नव्हता, कारण त्यातला मैला पाण्याबरोबर आडाकडे चालला होता. त्या सात रोग्यांत सातव्या महिन्यातली एक गरोदर बाई होती. इ प्रकारची कावीळ इतरांना बहुधा महिना-दीड महिन्यात सोडते, पण गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत ती शंभरांतल्या वीस-पंचवीस बायांचा जीव घेते. या बाईला जिल्ह्याच्या रुग्णालयात हलवले. ती वाचली. मूल वाचले नाही.

त्या घरमालकाने मुद्दाम काही केले नव्हते. खड्डा केवढा हवा, हे त्यांना कोणी सांगितले नव्हते, एवढेच.

हिशेब करून पाहू

खड्डा किती लवकर भरतो, याविषयी लोकांच्या मनात फार चुकीची कल्पना असते. विष्ठेचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग पाणीच असतो. आपण वर ओततो ते पाणी वेगळेच. खड्ड्याच्या भिंतीतून आणि तळातून हे पाणी मातीत मुरते, तयार होणारा वायूही मातीत शोषला जातो, आणि उरलेला गाळ जिवाणूंच्या कामामुळे बसत जातो. एका माणसाचा असा गाळ वर्षाला साधारण चाळीस ते पंचेचाळीस लिटर होतो. म्हणजे घासलेटच्या जुन्या मोठ्या डब्याचे अडीच डबेसुद्धा नाहीत!

पाच माणसांच्या घराचा हिशेब वर्षाला सव्वादोनशे लिटर. आतून एक मीटर म्हणजे सव्वातीन फूट रुंदीचा आणि चार फूट खोलीचा गोल खड्डा घेतला, तर पाईपाच्या तोंडाखाली सुमारे पावणेआठशे लिटर जागा मिळते. पाच माणसांना हा खड्डा तीन-साडेतीन वर्षे पुरतो. सगळ्यांनी रोज वापरला तरी! यापेक्षा मोठा खड्डा लागत नाही. लागतो तो दुसरा खड्डा.

दोन खड्ड्यांची युक्ती

एका भांड्याला दोन खड्डे जोडायचे. भांड्याच्या मागे एक लहान चौकोनी चेंबर, त्यातून दोन खड्ड्यांकडे दोन पाईप. दोनांपैकी एक तोंड विटेने आणि मातीने बंद ठेवायचे. पहिला खड्डा तीन वर्षांनी भरला की चेंबर उघडून त्याचे तोंड बंद करायचे आणि दुसऱ्याचे उघडायचे. काम दहा मिनिटांचे. आता दुसरा खड्डा भरेपर्यंत पहिला पडून राहतो. त्यात नवा मैला पडत नाही, नवे पाणी पडत नाही. जुना गाळ कुजतो, रोगजंतू मरतात, जंतांची अंडीही बहुतेक संपतात. दीड-दोन वर्षांनी त्या खड्ड्यात तपकिरी-काळी भुसभुशीत माती असते. तिला वास येतो तो पहिल्या पावसातल्या मातीचा.

ही माती उन्हाळ्यात काढायची, पावसाळ्यात नाही. खड्डा कोरडा असेल तरच काढायची. फावडे, पायात बूट, हातात मोजे आणि काम झाल्यावर साबणाने आंघोळ, एवढी काळजी पुरे. हे काम घरच्या माणसाने करावे. त्यात विटाळ नाही आणि कमीपणाही नाही, कारण तेव्हा ती विष्ठा राहिलेली नसते, खत झालेले असते. शेतात, केळीच्या किंवा नारळाच्या आळ्यात ते घालावे. आजोबांच्या ‘उपसायचा कोणी?’ या प्रश्नाचे उत्तर हे आहे. उपसायला मैला उरतच नाही.

गवंड्याला काय सांगाल?

संडास बांधताना मालक सहसा टाइल्सचा रंग निवडतो आणि खड्ड्याचे गवंड्यावर सोपवतो. याच्या उलट करा. पुढील गोष्टी स्वतः उभे राहून करून घ्या.

१. खड्ड्याचे वीटकाम जाळीदार हवे. एक थर पूर्ण, पुढच्या थरात विटांमध्ये दोन-दोन इंचांची फट, असे पाईपाच्या तोंडापर्यंत. त्यावरचा भाग बंद. जमीन फार वाळूची असेल तर फटी लहान ठेवाव्यात, नाहीतर माती आत ढासळते.

२. तळाला सिमेंट ओतू नका. तळ मातीचाच हवा. पक्के करण्याच्या हौसेने अनेक जण तळ आणि भिंती गिलावा करून बंद करतात. मग पाणी मुरायला जागा राहत नाही आणि सहा महिन्यांत संडास तुंबतो.

३. दोन खड्ड्यांत किमान तीन-साडेतीन फूट अंतर ठेवा. जवळ असतील तर चालू खड्ड्याचे पाणी पडून असलेल्या खड्ड्यात झिरपते आणि तिथली माती कधीच वाळत नाही.

४. भांडे तीव्र उताराचे, ग्रामीण नमुन्याचे घ्या. त्याखालची पाणी धरून ठेवणारी वळणाची नळी, जिला गवंडी ‘कोंबडा’ म्हणतात, तिच्यातले पाणी सुमारे पाऊण इंच उंचीचे असावे. हे पाणी म्हणजे झाकण. वास वर येत नाही, माशी खाली जात नाही. अशा भांड्याला दीड-दोन लिटर पाणी पुरते. शहरी भांड्याला एका वेळी बादली लागते. जिच्या डोक्यावर हंडा असतो तिला या फरकाचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

५. झाकण फरशीचे किंवा सिमेंटचे, सांध्यांना फट नसलेले हवे. घुशी आणि पावसाचे पाणी आत जाता कामा नये. या प्रकारच्या संडासाला वायू जाण्यासाठी उंच पाईप लावावा लागत नाही. तो खर्च वाचवा.

६. न्हाणीचे आणि मोरीचे पाणी या खड्ड्यांत सोडू नका. त्यासाठी दगड-गोट्यांचा वेगळा शोषखड्डा करावा. नांदेड जिल्ह्यातल्या काही गावांनी घरोघरी असे शोषखड्डे करून गटारेच बंद केली आणि डासांचा त्रास घालवला. आपल्यालाही हे जमण्यासारखे आहे.

जागा पाहून खड्डा

आड, विहीर किंवा हातपंप यांच्यापासून खड्डा किमान पन्नास फूट दूर ठेवावा आणि उताराच्या खालच्या अंगाला घ्यावा. खड्ड्याचा तळ आणि भर पावसाळ्यातली भूजलाची पातळी यांत सहा-सात फूट माती असली पाहिजे. ही माती गाळणीचे काम करते. म्हणूनच ‘खोल तितका चांगला’ हे खरे नाही. चार फूट खोली पुरेशी आहे.

काळ्या चिकण मातीत पाणी लवकर मुरत नाही. तिथे खड्डा फूटभर रुंद खणून वीटकामाच्या बाहेरच्या बाजूने खडी किंवा विटांचे तुकडे भरावेत. नदीकाठच्या पाणथळ जागेत खड्डे अर्धे जमिनीच्या वर उचलून बांधावेत आणि भोवती मातीचा भराव घालावा. खडकाळ किंवा जांभ्या दगडाच्या जमिनीला भेगा असतात, त्यांतून पाणी न गाळता दूरवर जाते. अशा ठिकाणी अंतर आणखी वाढवावे आणि पंचायत समितीच्या अभियंत्याला जागा दाखवल्याशिवाय खणू नये.

‘आमच्याकडे सेप्टिक टँक आहे’

हे वाक्य लोक अभिमानाने सांगतात. सेप्टिक टँक वाईट नाही, पण ती अर्धवट बांधली तर संडास नसलेला बरा. टाकीत मैला खाली बसतो आणि वरचे पाणी बाहेर पडते. हे बाहेर पडणारे पाणी स्वच्छ दिसले तरी जंतूंनी भरलेले असते. ते शोषखड्ड्यातच गेले पाहिजे. आपल्याकडे ते सरळ गटारात सोडतात. म्हणजे उघड्यावर बसणे बंद झाले, पण घाण दारासमोरून वाहू लागली! त्याच गटारात मुलांचा चेंडू पडतो, तिथेच हत्तीरोग पसरवणारे डास वाढतात.

दुसरी गोष्ट, टाकीतला गाळ दर दोन-तीन वर्षांनी काढावाच लागतो. तो यंत्राच्या टँकरनेच काढावा. टाकीत माणूस कधीही उतरवू नये. आतल्या विषारी वायूने माणूस एक-दोन श्वासांत कोसळतो, आणि त्याला काढायला उतरलेला दुसराही जातो. सुरक्षा साधनांशिवाय माणसाला असे उतरवणे २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. टँकरवाल्याला एक प्रश्न जरूर विचारा, ‘हा गाळ ओतणार कुठे?’ तो ओढ्यात ओतणार असेल तर आपला मैला शेजारच्या गावाच्या पाण्यात जाईल.

ज्यांच्याकडे टाकी आहे त्यांनी तिच्या बाहेरच्या पाईपाला शोषखड्डा जोडावा. ज्यांचा एकच खड्डा आहे त्यांनी तो भरायची वाट न पाहता चेंबर आणि दुसरा खड्डा आताच करून घ्यावा. खर्च संडासाच्या खोलीपेक्षा कितीतरी कमी येतो.

एका डॉक्टरने केलेले काम

हे सारे कागदावर ठीक आहे, गाव ऐकते का, असे कोणी म्हणेल. त्यांच्यासाठी आपल्याच राज्यातले एक उदाहरण देतो.

डॉ. सुहास विठ्ठल मापुस्कर हे एमबीबीएस होऊन १९५९ साली पुणे जिल्ह्यात देहूच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आले. देहू म्हणजे तुकोबांचे गाव, इंद्रायणीचा काठ, वारकऱ्यांची वर्दळ. रोगी तपासताना त्यांच्या ध्यानात आले की जुलाब आणि जंत यांवर औषध देऊन काही साधत नाही. तोच रोगी पुन्हा येतो, कारण गावात संडास नाहीत. त्यांनी लोकांना समजावून काही संडास बांधून घेतले. पहिल्या पावसाळ्यात ते ढासळले. लोक म्हणू लागले, आता संडासाचे नाव काढू नका.

दुसरा कोणी असता तर बदली मागून गेला असता. मापुस्कर जमीन, पाणी आणि खड्डा यांचा अभ्यास करायला बसले. कोकणातल्या अप्पासाहेब पटवर्धनांच्या कामातून त्यांना दिशा मिळाली. अप्पासाहेब म्हणजे १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात मैलासफाईचे काम आपल्याला मिळावे म्हणून उपोषण करणारा माणूस. पुढे कणकवलीजवळ गोपुरी आश्रमात त्यांनी मैल्याचे खत करणारे संडास तयार केले. मापुस्करांनी गावाच्या जमिनीला साजेसे संडास बसवले, संडासाला जोडलेल्या गोबरगॅसचा ‘मलप्रभा’ नावाचा नमुना विकसित केला आणि घर घर फिरून लोकांना पटवले. १९८० च्या सुमारास देहूत घरोघर संडास झाले होते. सरकारी अनुदानाची मोठी लाट येण्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. २०१५ साली ते वारले आणि २०१७ साली त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली.

यातून घ्यायचे ते असे, की त्यांना वीस वर्षे लागली. आणि पहिले संडास पडले ते लोकांचे मन वळले नव्हते म्हणून नव्हे, तर खड्डा त्या जमिनीला योग्य नव्हता म्हणून. ज्या गावात एकदा संडास तुंबतो, वास मारतो किंवा ढासळतो, त्या गावाला पुन्हा पटवणे दुप्पट कठीण जाते.

वापराच्या चार गोष्टी

पहिली, संडास घरातल्या सर्वांनी वापरायचा. वाडीत दहापैकी दोन घरे जरी उघड्यावर जात राहिली, तरी माश्या आणि पाणी ती घाण दहाही घरांत पोचवतात. गुडघे दुखणाऱ्या म्हाताऱ्यांसाठी भिंतीला एक धरायला दांडा बसवा, किंवा मधे भोक असलेली खुर्ची भांड्यावर ठेवा. फार खर्च नाही.

दुसरी, तान्ह्या मुलाची शी ‘देवाघरची’ समजून उकिरड्यावर टाकू नका. लहान मुलांना जुलाब आणि जंत अधिक होतात, म्हणून त्यांच्या विष्ठेत रोगजंतू जास्तच असतात. ती भांड्यातच टाकावी.

तिसरी, हात साबणाने धुवावेत, संडासहून आल्यावर आणि जेवणाआधी. माती वापरू नका, मातीतच जंतांची अंडी असतात. साबण नसेल तर चुलीतली स्वच्छ राख चालेल.

चौथी, भांड्यात ॲसिड किंवा फिनेल ओतू नका. खड्ड्यात काम करणारे जिवाणू त्याने मरतात. ब्रश आणि थोडी साबणाची पूड पुरे. कापड, पॅड, प्लास्टिक, केरकचरा यांपैकी काहीही भांड्यात जाऊ देऊ नका.

इथे घरातल्या कर्त्या पुरुषांना एक सांगतो. संडास नसला, किंवा असून तुंबलेला असला, की बाया दिवसभर पाणी पिणे टाळतात आणि अंधाराची वाट पाहतात. लघवीला जळजळ, वरचेवर ताप, मूळव्याध, बद्धकोष्ठ अशा तक्रारी घेऊन त्या माझ्याकडे येतात. मी औषध लिहून देतो आणि ‘पाणी भरपूर प्या’ असे सांगतो. ती मान हलवते आणि मला कळते की ती पिणार नाही. तिचे औषध माझ्या कपाटात नाही, तुमच्या परसात आहे.

जुलाब झालेच तर

मुलाला जुलाब सुरू झाले की लगेच जलसंजीवनी द्या. पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चहाचा चमचा मीठ घालून ढवळा आणि घोट घोट पाजा. अंगावरचे दूध व जेवण बंद करू नका. आशा ताईंकडून किंवा आरोग्य केंद्रातून झिंकच्या गोळ्या घ्या आणि जुलाब थांबले तरी चौदा दिवस पूर्ण करा. मूल सुस्त पडले, डोळे खोल गेले, लघवी बंद झाली किंवा शौचातून रक्त पडले, तर घरी थांबू नका.

एका वाडीत एकाच आठवड्यात जुलाब किंवा कावीळ यांचे दोन-तीन रोगी झाले, तर ग्रामपंचायतीला आणि आरोग्य केंद्राला त्याच दिवशी कळवा. पाणी तपासून घ्या. तोवर उकळूनच प्या.

पावसाळ्यापूर्वी एवढे करा

पाऊस सुरू व्हायच्या आत एका रविवारी सकाळी आपल्या संडासाचे झाकण आणि चेंबर पाहा. खड्डा कुठे आहे, किती खोल आहे आणि आडापासून किती पावलांवर आहे, हे घरातल्या सर्वांना माहीत असू द्या. झाकणाला फट असेल तर बुजवा. एकच खड्डा असेल तर दुसऱ्याची जागा आखा. दोन असतील तर कोणता चालू आहे आणि कोणत्या साली चालू केला, ते संडासाच्या दाराच्या आतल्या बाजूला खडूने लिहून ठेवा. तीन वर्षांनी कोणाला आठवत नाही.

आणि पुढच्या ग्रामसभेत, रस्ता आणि सभामंडप यांच्याबरोबर एक प्रश्न विचारा, ‘आपल्या गावातल्या किती संडासांना दुसरा खड्डा आहे?’ उत्तर मिळाले नाही तर मोजायला सुरुवात आपल्या आळीपासून करा.